घरातली उभी बाग: आधी पाण्याचा परतीचा रस्ता आखा

घरात उभी बाग करायची म्हटलं की बहुतेक जण आधी झाडं निवडतात, मग कुंड्या, मग भिंत. पाण्याचा विचार सगळ्यात शेवटी येतो. मी घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं करते आणि माझा क्रम याच्या नेमका उलटा असतो. कागदावर पहिली रेघ पाण्याची. पाणी कुठून येणार, कुठून उतरणार, उतरलेलं कुठे जमा होणार आणि पुन्हा वर कसं जाणार? एवढं ठरल्याशिवाय मी एकही रोप सुचवत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हिरवी भिंत पाणी वाचवते असं म्हणतात, पण भिंत स्वतः काहीच वाचवत नाही. झाडं आहेत म्हणजे ती पाणी पिणारच. वाचतं ते तीन ठिकाणी. कुंडीच्या बुडातून निसटणारं पाणी परत वापरलं की वाचतं. मातीच्या उघड्या पृष्ठभागावरून उडून जाणारं पाणी अडवलं की वाचतं. आणि एरवी मोरीत सोडलं जाणारं पाणी झाडांना दिलं, तर नळाचं पाणी वाचतं. या तिन्हींपैकी एकही केलं नाही, तर ती भिंत घराच्या पाण्यावर नवा खर्च आहे, आणि मग मी ती करू नका असंच सांगते.

हवा शुद्ध होईल म्हणूनही भिंत करू नका. १९८९ साली नासाच्या वॉल्व्हर्टन यांनी बंद पेटीत झाडं ठेवून केलेल्या प्रयोगांवरून तो समज पसरला. पण घर ही बंद पेटी नव्हे. २०१९ साली ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. साध्या वायुवीजनाइतका परिणाम साधायला जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यांच्या हिशेबात आलं. खिडकी उघडा, ते काम होतं. हिरवी भिंत करावी ती रोज डोळ्यांसमोर जिवंत हिरवं असावं म्हणून. मला ते कारण पुरेसं वाटतं.

भिंत निवडताना

बाहेरून पावसाची ओल येणारी भिंत सोडून द्या. रंगाचे पोपडे निघालेत, कोपऱ्यात पांढरे क्षार फुललेत, तर तिथे आधी ओलीचा बंदोबस्त. चांगली भिंत मिळाली तरी कुंड्या थेट तिच्यावर टांगू नका. भिंतीला उभ्या पट्ट्या मारा, त्यावर पाणी न शोषणारा पीव्हीसी फोमचा बोर्ड बसवा आणि बोर्डावर बागेची चौकट. भिंत आणि बोर्ड यांच्यात निदान अडीच सेंटिमीटरची फट राहिली पाहिजे. पट्ट्या उभ्याच हव्यात, म्हणजे फटीतली हवा खालून वर मोकळी फिरते. आडव्या पट्ट्यांवर ओल अडकून बसते. सुतार सवयीने आडव्या मारतो, म्हणून त्या दिवशी मी स्वतः हजर असते.

वजनाचा अंदाज डोळ्यांनी लागत नाही. एक कुंडी पूर्ण भिजवून वजनकाट्यावर ठेवा आणि कुंड्यांच्या संख्येने गुणा. १२ सेंटिमीटर तोंडाची कुंडी भिजल्यावर साधारण किलोभर भरते, म्हणजे ३० कुंड्यांचे ३० किलो, वर चौकट आणि पन्हळीतलं पाणी. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीला चांगले अँकर बोल्ट हे वजन पेलतात. जिप्सम बोर्डाच्या भिंतीत मात्र आतल्या लोखंडी सांगाड्यालाच पकड घ्यावी लागते. ते जमत नसेल तर जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभी राहणारी चौकट करा आणि ती कलंडू नये म्हणून वरच्या टोकाला भिंतीशी बांधून घ्या. घर भाड्याचं असेल तर हीच चौकट बरी, जाताना सोबत नेता येते.

फेल्ट की कुंड्या

उभ्या बागेची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत स्टॅनली हार्ट व्हाइट यांना १९३८ साली झाडं धरणाऱ्या उभ्या रचनेचं पेटंट मिळालं होतं. पण आज जगभर दिसणाऱ्या हिरव्या भिंतींचा चेहरा घडवला तो फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लँक यांनी. उष्ण प्रदेशांतल्या जंगलांत कातळांवर झाडं मातीशिवाय वाढतात, हे त्यांनी हेरलं आणि बोर्डावर ताणलेल्या फेल्टच्या, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाच्या थरांत मुळं रुजवली. त्या भिंती अतिशय सुंदर असतात. घरासाठी मात्र मी फेल्ट टाळते. फेल्टमध्ये पाण्याचा साठा जवळजवळ नसतो, त्यामुळे दिवसातून अनेकदा थोडं थोडं पाणी सोडत राहावं लागतं. वीज गेली किंवा पंप अडकला की झाडं लगेच माना टाकतात. शिवाय फेल्टचा अख्खा पृष्ठभाग ओला आणि उघडा असतो. झाड पीत नाही तेवढं पाणी तिथूनच हवेत जातं.

म्हणून माझी निवड कुंड्यांची. तोंड लहान, पोट खोल आणि खाली थोडा साठा. भरायला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके, पांढरे खनिज कण), तीनास एक या प्रमाणात. कोकोपीट आधी दोनतीन पाण्यांतून धुऊन घ्या, कारण त्यात बऱ्याचदा मीठ असतं. बागेतली माती नको. ती जड होते, बसते, आणि तिचा गाळ नळ्यांत जाऊन ठिबक तुंबवतो. वर बारीक खडे किंवा सालींचा बोटभर थर द्या. त्याने पाणी उडणं कमी होतं आणि कोकोपीटवर घोंघावणाऱ्या बारीक काळ्या माश्याही आटोक्यात राहतात. त्या ओल्या पृष्ठभागावरच अंडी घालतात.

पंपाशिवायची रचना

पहिल्यांदाच करत असाल तर इथूनच सुरुवात करा. एकेका रांगेखाली बंद पन्हळ, तिच्यात पाणी, आणि प्रत्येक कुंडीच्या बुडातून पन्हळीत उतरलेली वात. झाड पिईल तेवढंच पाणी वर चढतं. वाहून जाणारं काहीच नाही, म्हणून वाया जाणारंही काही नाही.

वात सुती नको, महिन्या-दोन महिन्यांत कुजते. पॉलिस्टर किंवा नायलॉनची जाडसर दोरी घ्या आणि बसवण्याआधी पूर्ण भिजवा. कोरडी वात पाणी ओढायला सुरुवातच करत नाही. पाण्याची पातळी आणि मुळांचा तळ यांत १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. त्यापुढे चढाव अडतो आणि खालच्या पन्हळीत पाणी असूनही कुंडी सुकते. वातीचं वरचं टोक कुंडीच्या मध्यापर्यंत न्या आणि तिथे चांगलं उकलून पसरवा.

पन्हळीला झाकण हवंच. उजेड शिरला की शेवाळ धरतं आणि उघड्या पाण्यात डास अंडी घालतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पाणी भरायच्या तोंडावर दाट जाळी बसवा आणि पातळी दिसावी म्हणून बाजूला पारदर्शक नळीचा तुकडा लावा. दर वेळी झाकण उघडून बघायची गरज उरत नाही.

पंप आणि परतीची पन्हळ

तीनपेक्षा जास्त रांगा असतील तर प्रत्येक पन्हळ हाताने भरणं जिकिरीचं होतं. तिथे खाली टाकी, टाकीत बुडता पंप, वर ठिबक आणि प्रत्येक रांगेखाली परतीची पन्हळ अशी रचना घ्या. माझ्या कामाच्या खोलीतली भिंत याच पद्धतीची आहे: पाच रांगा, दर रांगेत सहा कुंड्या, खाली ३० बाय ४० सेंटिमीटर तळाची अपारदर्शक टाकी.

पंप घेताना खोक्यावर पाणी किती उंच चढेल ते लिहिलेलं असतं. तो आकडा म्हणजे धार शून्यावर येण्याची उंची. दोन मीटरचा पंप पावणेदोन मीटरवर जेमतेम ओघळ देतो. टाकीच्या तळापासून सगळ्यात वरच्या रांगेपर्यंत मोजा आणि त्याच्या दुपटीच्या आसपास क्षमतेचा पंप घ्या.

ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारी छोटी तोंडं, निवडताना इथेच फसगत होते. शेतीच्या दुकानांत मिळणारे, दाब आपोआप सांभाळणारे ड्रिपर उत्तम असतात, पण त्यांना साधारण अर्धा ते एक बार दाब लागतो. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे एक बार. घरातल्या लहान पंपाला एवढा दाब देणं शक्य नसतं, त्यामुळे ते ड्रिपर नीट उघडतच नाहीत. लहान पंपावर फिरवून धार कमी-जास्त करता येणारे साधे ड्रिपर घ्या. प्रत्येक रांगेला मुख्य नळीतून स्वतंत्र फाटा द्या आणि फाट्यावर छोटी तोटी बसवा. मग वरच्या रांगेची तोटी पूर्ण उघडी आणि खालच्या थोड्या थोड्या आवळलेल्या, असं करत सगळीकडे सारखं पाणी पोचवता येतं. प्रत्येक रांगेतल्या एका ड्रिपरखाली पेला धरून मोजा. ताशी २ लिटरची धार असेल तर पाच मिनिटांत पेल्यात सुमारे १६७ मिलिलिटर जमतात.

वरच्या कुंडीतून खालच्या कुंडीत पाणी ठिबकत जाण्याची रचना दोनतीन रांगांपर्यंत ठीक आहे. त्यापुढे वरच्या रांगांतले क्षार आणि मुळांचा एखादा रोग, दोन्ही खालच्या रांगांत साचत जातात.

पाणी एका दमात सोडू नका. सुकलेलं कोकोपीट पाणी लगेच धरत नाही. एकदम सोडलेलं पाणी कुंडीच्या कडेकडेने निसटून थेट पन्हळीत पोचतं. टायमर असा लावा: दोन मिनिटं पाणी, वीस मिनिटं थांबा, पुन्हा दोन मिनिटं. पहिल्या वेळी कोकोपीट ओलं होतं आणि दुसऱ्या वेळी पाणी मुरतं. वेळ सकाळची ठेवा, झाडांसाठी दिवे लावले असतील तर ते सुरू झाल्यानंतरची. झाडं तेव्हाच पाणी ओढायला लागतात.

परतीच्या पन्हळीला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्या आणि तो स्पिरिट लेव्हलने तपासा. उतरणारी नळी निदान २५ मिलिमीटरची असावी. वर जाणारी नळी बारीक चालते, उतरणारी चालत नाही, कारण तिच्यात मुळांचे तंतू आणि कोकोपीटचे कण येतात. टाकीच्या तोंडावर धुता येणारी गाळणी ठेवा. टाकीचा वरचा तिसरा भाग रिकामा सोडा. पंप थांबला की नळ्यांतलं आणि पन्हळीतलं सगळं पाणी टाकीतच येतं, आणि ते मावलं पाहिजे.

विजेचा बोर्ड भिंतीच्या बाजूला आणि टाकीपेक्षा उंच हवा. वायर बोर्डापर्यंत जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर चढू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोळातून खाली पडेल, बोर्डात शिरणार नाही. गळतीचा प्रवाह तोडणारं आरसीसीबी त्या जोडणीवर असलंच पाहिजे. यात मी कधीच सूट देत नाही. पानांवर फवारे सोडणारी यंत्रंही घरात लावू नका. साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा जंतू वाढू शकतो, आणि तो श्वासात जातो तो बारीक तुषारांतून. ठिबकमध्ये हा धोका फार कमी असतो.

पाणी कुठलं द्यायचं

या सगळ्यात मला सर्वात आवडणारा भाग हा. खोलीत एसी असेल तर झाडांच्या पानांतून हवेत गेलेला ओलावा एसीच्या थंड कॉइलवर जमतो आणि थेंब थेंब बाहेरच्या नळीतून सांडतो. ती नळी बाहेर मोकळी न सोडता झाकणाच्या कॅनमध्ये घ्या. भिंतीने सोडलेल्या पाण्यातलं काही भिंतीला परत मिळतं, आणि हवेत आधीपासून असलेला ओलावाही सोबत येतो. दमट दिवसांत एकेका एसीखाली काही लिटर जमतात. याची किंमत विजेत मोजावी लागते, तीही सांगायला हवी. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६८ किलोवॉट-तास उष्णता घेतं आणि वाफेचं पुन्हा पाणी करताना एसीला तेवढीच उष्णता बाहेर टाकावी लागते. म्हणून भिंतीसाठी एसी चालवू नका. एरवी चालणारच आहे, तर त्याचं पाणी सोडू नका.

एसीचं पाणी पिण्यालायक नसतं, शोभेच्या झाडांना चालतं. त्यात क्षार नगण्य असतात आणि हाच त्याचा मोठा गुण. पाण्यात विरघळलेले क्षार टीडीएस या आकड्यात मोजतात. टाकीत ३०० टीडीएसचं २० लिटर पाणी आहे असं धरा. वीस लिटर उडून गेलं आणि तुम्ही तसंच वीस लिटर पुन्हा भरलं. पाणी गेलं, पण क्षार मागेच राहिले. आता टाकीत ६०० टीडीएस. पुढच्या भरणीला ९००. झाडं त्यातलं थोडं उचलतात, पण पानांची टोकं करपायला लागतात ती यामुळेच. भरणी एसीच्या पाण्याने केली तर आकडा जवळजवळ तिथेच राहतो. कॉइल रसायनांनी धुतली असेल तर पुढचे दोन दिवस ते पाणी घेऊ नका.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी जपून वापरा. टीडीएस मीटर छोटा आणि स्वस्त असतो, तो घ्याच. एसीचं किंवा पावसाचं पाणी मिसळून आकडा ५०० च्या खाली आणता आला तर द्या. नाही आला तर ते फरशी पुसायला ठेवा. गोड्या पाण्याच्या मत्स्यटाकीतून बदललेलं पाणी झाडांना फार मानवतं, त्यात नायट्रेट असतं. मीठ वापरून मृदू केलेलं पाणी नको, सोडियम मुळांना बाधतं. अंघोळीचं किंवा कपड्यांचं पाणी घरातल्या टाकीत अजिबात नको. दिवसभरात त्याला वास सुटतो.

खत पाण्यात विरघळणारं घ्या, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्शाने. शेणखताचं किंवा पेंडीचं पाणी फिरत्या टाकीत सडतं. एसीच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम काहीच नसतं, म्हणून ही दोन्ही असलेलं खत निवडा. टीडीएस १००० च्या वर गेला की टाकी रिकामी करा आणि ते पाणी बाहेरच्या मोठ्या झाडाला घाला. त्याला ते खत म्हणून लागू पडतं.

कुठे कोणतं झाड

उभ्या बागेत पाणी खाली उतरतं, त्यामुळे वरची रांग आधी सुकते आणि खालची ओली राहते. उजेडही बहुधा वरून येतो. मांडणी त्यावरूनच ठरते. वर होया, पेपेरोमिया, स्नेक प्लांट. होया आणि स्नेक प्लांट आपली पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, मुख्यतः रात्री उघडतात, दिवसाच्या कोरड्या हवेत पाणी दवडत नाहीत. मधल्या रांगांत मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन. खाली नेफ्रोलेपिस फर्न, कलाथिया, फिटोनिया, स्पायडर प्लांट. खालच्या रांगेची ही झाडं बिनविषारी आहेत. मधल्या तिघांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते. रांगतं मूल किंवा मांजर घरात असेल तर मधल्या वेली खाली लोंबू देऊ नका, वेळेवर छाटा.

झाडं दाट लावा. पंचवीस अंश तापमानाला हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांवरून ७० वर गेली की हवेची पाणी ओढण्याची ताकद सुमारे ४० टक्क्यांनी घटते. पानं एकमेकांच्या जवळ असली की त्यांच्यामध्ये असा दमटपणा टिकतो, पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट आला की तो उडून जातो. झोत वळवणं हा पाणी वाचवण्याचा सगळ्यात सोपा उपाय आहे, आणि घराघरांत तोच राहून जातो.

उजेड कमी असेल तर वरून एलईडी दिवे, दिवसाला दहा-बारा तास. त्याहून जास्त उजेड दिला तर झाडं पाणीही त्या प्रमाणात जास्त पितात.

किती पितं ते मोजा

टाकीला आतून सेंटिमीटरची पट्टी चिकटवा. ३० बाय ४० तळाच्या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे १.२ लिटर गेलं. दर आठवड्याला एकाच वाराला, पंप थांबून पाणी पूर्ण उतरल्यावर, आकडा लिहा. कारण नसताना पातळी एकदम झपाट्याने उतरली तर आधी गळती शोधा: पन्हळीचे जोड, मग बोर्डामागे टॉर्च मारून भिंत. पातळी उतरायची थांबली तर ड्रिपर तुंबलेत किंवा मुळं कुजताहेत. कुंडी हातात घेऊन वजन जाणवतं का बघा, मग एक रोप अलगद उपसून मुळं पाहा. पांढरी आणि घट्ट असली तर ठीक. तपकिरी आणि लिबलिबीत असली तर पाण्याच्या वेळा निम्म्या करा.

आता दुसरा आकडा: घरात आठवड्याला टाकाऊ पाणी किती जमतं? कॅन भरला की पट्टीशेजारच्याच वहीत नोंद करा. भिंत जास्त पीत असेल तर वरच्या रांगेतल्या तहानलेल्या कुंड्या काढून तिथे होया लावा, किंवा दिव्यांचे दोन तास कमी करा. कॅनमध्ये आठवड्यामागून आठवडे पाणी उरत असेल, आणि कोरड्या महिन्यांतही उरत असेल, तर चौकटीला सहा कुंड्यांची आणखी एक रांग जोडायला हरकत नाही. त्याआधी बोल्टांवर येणारं वजन पुन्हा एकदा गुणून बघा.